गिटचं ॲप उघडताक्षणी बंद पडतंय? आधी फोल्डरचं नाव बदलून बघा

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला फोन आला. शेजारच्या टीममधली, वर्षभरापूर्वी रुजू झालेली मुलगी.

"दादा, ॲप उघडतंय, दोन सेकंद आमचा प्रोजेक्ट दिसतो, मग सगळं पांढरं होऊन बंद. चार वेळा केलं. तीन दिवसांचं काम आहे हो त्यात, पुशही केलेलं नाहीये. अनइन्स्टॉल करून परत टाकू का?"

"कशालाही हात लावू नकोस," म्हटलं. "चहा घेऊन ये."

चहाचा सल्ला मस्करीत दिला नव्हता. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. गिटचं एखादं चित्रमय ॲप क्रॅश झालं म्हणून कोणाचं काम गेलंय, असं मी क्वचितच पाहिलंय. काम जातं ते त्यानंतरच्या दहा मिनिटांत. घाबरलेला माणूस आधी ॲप काढून टाकतो, मग प्रोजेक्टचा फोल्डर उडवून सर्व्हरवरून नवा क्लोन, म्हणजे ताजी प्रत घेतो, आणि पुश न केलेलं, म्हणजे सर्व्हरवर न पाठवलेलं सगळं स्वतःच्या हाताने पुसतो. किंवा ॲप कसंबसं उघडलं की 'डिस्कार्ड ऑल' (न नोंदवलेले सगळे बदल टाकून दे) दाबतो, कारण कुठेतरी वाचलेलं असतं की त्याने "क्लीन" होतं. होतं खरं क्लीन.

लिनस टॉर्व्हाल्ड्झने एप्रिल २००५मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं तेव्हा सगळा कारभार टर्मिनलवरच होता. सोर्सट्री, गिटक्रॅकन, फोर्क, गिटहब डेस्कटॉप, टॉर्टॉइजगिट ही मंडळी नंतरची. यातली काही आतून गिटचेच आदेश चालवतात, काही लिबगिट२सारखी लायब्ररी वापरतात. तुमचा इतिहास मात्र ॲपमध्ये नसतो. तो प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'डॉट गिट' नावाच्या लपलेल्या फोल्डरात असतो. एटीएमचा स्क्रीन काळा पडला म्हणून खात्यातले पैसे जात नाहीत, तसंच हे. हां, कधीतरी खात्यातून रक्कम वजा होते आणि नोटा बाहेर येत नाहीत. तसा प्रकार गिटमध्येही होतो. त्याकडे येतोच.

म्हणून पहिला प्रश्न एकच: मशीन बिघडलंय की खातं? ॲप की रेपो, म्हणजे इतिहासासकट तो प्रोजेक्टचा फोल्डर? हे ठरल्याशिवाय कुठलीही दुरुस्ती करायची नाही.

आधी कॉपी, मग बाकीचं

ती चहा घेऊन आल्यावर पहिली गोष्ट करायला लावली ती म्हणजे अख्ख्या प्रोजेक्ट फोल्डरची कॉपी, पेन ड्राइव्हवर. लपलेल्या 'डॉट गिट'सकट. विंडोजवर लपलेल्या फाइली दिसत नसल्या तरी वरचा अख्खा फोल्डर उचलला की त्याही सोबत येतात. आतल्या फाइली निवडून कॉपी केल्या तर मात्र राहून जातात. हा फरक लक्षात ठेवा.

मग त्या फोल्डरात टर्मिनल उघडून एकच आदेश द्यायचा: गिट स्टेटस. (आदेश इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) हा आदेश काही मोडत नाही, फक्त परिस्थिती सांगतो. त्याने नेहमीसारखी बदललेल्या फाइलींची यादी दाखवली तर रेपो बहुधा ठणठणीत आहे. 'फेटल' शब्दाने सुरू होणारी ओळ आली तर गडबड रेपोत आहे आणि ॲप बिचारं त्यावर आपटून पडतंय.

तिच्याकडे यादी आली, तीन दिवसांच्या सगळ्या फाइलींसह. फोनवर सुस्कारा ऐकू आला. पण यादी यायला चांगली सात-आठ सेकंदं लागली, ते मी मनात नोंदवून ठेवलं.

क्रॅशमध्ये खरोखर काय जाऊ शकतं, तेही इथेच सांगतो. कमिटच्या (बदल इतिहासात नोंदवण्याच्या) चौकटीत लिहिलेला पण सेव्ह न झालेला मेसेज जातो. एखाद्या फाइलच्या निवडक ओळी स्टेज करत, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडत बसला असाल तर ती निवड अर्धवट राहते. डिस्कवर सेव्ह केलेल्या फाइली आणि झालेले कमिट तिथेच राहतात. एवढंच काय, फाइल एकदा स्टेज केली की तिची एक प्रत 'डॉट गिट'मध्ये तयार झालेली असते, कमिट केलं नसलं तरी.

नाव बदलायची युक्ती

ॲप पुन्हा पुन्हा पडण्यामागे एक साधी गोष्ट असते. बहुतेक ॲप्स उघडताना शेवटचा रेपो आपोआप उघडतात. त्या रेपोतलं काहीतरी ॲपला झेपत नसेल तर ॲप उघडतं, रेपो उघडतो, ॲप पडतं. परत उघडलं की परत तेच. सेटिंग बदलायलाही वेळ मिळत नाही. माणसाला वाटतं इन्स्टॉलेशनच गंडलंय. तो ॲप काढून पुन्हा टाकतो, पण शेवटचा रेपो कुठला होता ही आठवण सेटिंगच्या फोल्डरात शिल्लक असते आणि नवं ॲप त्याच खड्ड्यात जातं.

उपाय: ॲप बंद असताना प्रोजेक्ट फोल्डरचं नाव बदला. शेवटी 'जुना' लावा, काहीही लावा. मग ॲप उघडा. त्याला रेपो सापडणार नाही, "इथे रेपो नाही" अशा अर्थाचा निरोप येईल आणि ॲप निवांत उघडेल. असं झालं तर दोष रेपोतल्या कशात तरी आहे. तरीही पडलं तर दोष ॲपच्या बाजूला: सेटिंग, ग्राफिक्स, इन्स्टॉलेशन. एका नावबदलात निम्मा शोध संपतो. गिट बायसेक्ट वापरणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. तिथे चुकीचा कमिट शोधताना दर वेळी निम्मे कमिट बाद करतो, इथे निम्मी कारणं.

विंडोजने नाव बदलू दिलं नाही, "फोल्डर वापरात आहे" म्हणाला, तर एडिटर आणि टर्मिनल बंद करा. सगळं बंद करूनही अडतंय? मग टास्क मॅनेजरमध्ये मागे राहिलेली गिटची प्रोसेस सापडण्याची दाट शक्यता.

तिचं ॲप नाव बदलल्यावर लगेच उघडलं. म्हणजे रेपो. मग मी तिला गिट स्टेटसची यादी वाचून दाखवायला सांगितली. चौथ्या की पाचव्या नावाला ती थांबली. "ही जेसन फाइल माझी नाही… नाही, माझीच आहे. टेस्टिंगसाठी डेटाबेसमधून काढली होती."

"किती मोठी?"

"एकशे ऐंशी एमबी."

"ओळी किती?"

थोडी शांतता. "एकच."

दुखणं सापडलं. गिट फरक दाखवतो तो ओळीओळीने. हजार ओळींच्या फाइलमध्ये तीन ओळी बदलल्या तर ॲपला त्या तीन आणि आजूबाजूच्या थोड्याच काढाव्या लागतात. पण अख्खी फाइल एकाच ओळीत असेल तर ती एक ओळ म्हणजे १८० एमबी. ॲप ती मेमरीत घेतं, तिला रंग द्यायला जातं, स्क्रीनवर मांडायला जातं, आणि मांडणारी प्रोसेस मरते. आपल्याला दिसतो पांढरा पडदा. तिच्या ॲपला यादीतली एक फाइल आपोआप निवडून तिचा फरक दाखवायची सवय होती, म्हणून क्लिकसुद्धा करावं लागलं नाही. काही ॲप्स अशा वेळी "फाइल फार मोठी आहे" म्हणून फरक दाखवायचं नाकारतात. तेच शहाणपणाचं.

फाइल डेस्कटॉपवर हलवली, तिचं नाव 'गिट-इग्नोर'मध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाकलं, फोल्डरचं नाव पूर्ववत केलं. ॲप उघडलं. (इग्नोर फक्त नव्या, गिटने अजून न स्वीकारलेल्या फाइलींना लागू होतो. आधीच कमिट झालेल्या फाइलीवर त्याचा परिणाम नाही. तिला आधी 'गिट आरएम', सोबत 'कॅश्ड' हा पर्याय देऊन, यादीतून काढावं लागतं.) हे एका परीने बरंच झालं. ती फाइल कमिट होऊन पुश झाली असती तर गिटहबने नाकारलीच असती, तिथे १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाहीत.

याच कुळातलं दुसरं कारण म्हणजे 'नोड मॉड्यूल्स'चा (जावास्क्रिप्टच्या लायब्ररींचा) फोल्डर इग्नोर करायचा राहणं. हजारो फाइली एकदम "नवीन" दिसतात आणि ॲप धापा टाकतं. तिसरं, खूप मोठा इतिहास. लिनक्स कर्नलच्या रेपोत दहा लाखांहून जास्त कमिट आहेत. एवढ्यांच्या शाखांचा रंगीत आलेख काढणं प्रत्येक ॲपला जमत नाही.

नाव बदलूनही पडत असेल तर

मग ॲपकडे वळा. इथे ॲप कशात बांधलंय हे माहीत असलं की वेळ वाचतो. गिटहब डेस्कटॉप आणि गिटक्रॅकन इलेक्ट्रॉनवर आहेत, म्हणजे आत एक अख्खा क्रोमियम ब्राउझर आहे. अशा ॲपची खिडकी काळी-पांढरी होत असेल, लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लावल्यावरच पडत असेल, किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाल्यापासून पडत असेल, तर ॲपच्या शॉर्टकटपुढे '--डिसेबल-जीपीयू' जोडून चालवून बघा. चाललं तर ड्रायव्हर बदला, ॲपला शिव्या देऊ नका. स्मार्टगिट जावावर आहे, विंडोजवरचं सोर्सट्री डॉटनेटवर.

टॉर्टॉइजगिटची तऱ्हा वेगळीच. ते विंडोज एक्सप्लोररच्या आत शिरून फोल्डरांवर हिरव्या-लाल खुणा काढतं. त्यामुळे ते पडलं तर सोबत एक्सप्लोरर पडतो, टास्कबार गायब होऊन परत येतो, आणि लोक विंडोजला दोष देतात.

सेटिंग खराब झाल्याचा संशय असेल तर सेटिंगचा फोल्डर शोधून त्याचंही नाव बदला. पुसू नका. विंडोजवर तो ॲपडेटामध्ये असतो, मॅकवर लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये. ॲप कोऱ्या पाटीने उघडेल. रेपोंची यादी पुन्हा भरावी लागेल, कदाचित लॉगिनही करावं लागेल, पण रेपोंना धक्का नाही. लॉग्जही बहुधा याच आसपास सापडतात.

पंचनामा कुठे मिळतो

विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. क्रॅशच्या वेळेची लाल खूण शोधा. इव्हेंट क्रमांक १००० म्हणजे ॲप कोसळलं, १००२ म्हणजे हँग झालं. डॉटनेटचं ॲप असेल तर जवळच १०२६ क्रमांकाची नोंद असते आणि ती जास्त बोलकी असते. १०००च्या नोंदीत 'फॉल्टिंग मॉड्यूल' अशी ओळ आहे, ती वाचा. तिथे ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची डीएलएल असेल तर काम सोपं. 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' असेल तर त्यांच्या मागे लागू नका. प्रेत त्यांच्या अंगणात सापडलं एवढंच, मारेकरी दुसराच असतो. कोड सी, मग सहा शून्यं, मग ५ असा असेल तर ॲपने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला होता.

मॅकवर कन्सोल ॲपमध्ये क्रॅश रिपोर्ट्स असतात. लिनक्सवर सगळ्यात सोपं म्हणजे ॲप टर्मिनलमधून सुरू करणं. मरताना ते शेवटच्या दोन ओळी तिथेच टाकून जातं. नुसतंच 'किल्ड' दिसलं तर मेमरी संपून कर्नलने त्याला मारलं का, ते डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) बघा.

एक प्रकार मात्र क्रॅश वाटतो आणि नसतो. पुश दाबलं, चक्र फिरतंय, फिरतंय, शेवटी आपणच ॲप मारतो. अनेकदा आत गिट एक प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत बसलेलं असतं: या सर्व्हरवर विश्वास ठेवू का, हो की नाही? किंवा कमिटवर सही करायची किल्ली पासफ्रेज मागत असते. टर्मिनलमध्ये हा प्रश्न दिसतो, ॲपला तो दाखवायला जागाच नाही. तेच काम एकदा टर्मिनलमधून करा, प्रश्नाला उत्तर द्या, पुढे ॲपमधूनही चालतं. या एका कारणापायी लोकांनी ॲप बदललेली मी पाहिलीत.

रक्कम वजा, नोटा नाहीत

आता ते अर्धवट व्यवहार. गिट इंडेक्स (स्टेज केलेल्या फाइलींची यादी) लिहिताना 'इंडेक्स डॉट लॉक' नावाची फाइल बनवतं आणि काम झालं की तिचंच नाव बदलून खरी इंडेक्स करतं. मध्येच प्रोसेस मेली तर कुलूप तसंच राहतं. मग प्रत्येक वेळी "दुसरी गिट प्रोसेस चालू दिसतेय" अशी तक्रार येते. कुलूप पुसायला हरकत नाही, पण टास्क मॅनेजरमध्ये एकही गिट चालू नाही हे पाहिल्यावरच.

रीबेस (कमिट दुसऱ्या कमिटवर नव्याने रचणं) किंवा मर्ज (दोन शाखा जोडणं) चालू असताना क्रॅश झाला तर गिट स्टेटस स्पष्ट सांगतं की रीबेस अर्धवट आहे. पुढे न्यायचं की 'ॲबॉर्ट' करून मागे यायचं, ते शांतपणे ठरवा. ब्रँच (कामाची शाखा) बदलताना काही ॲप्स तुमचे बदल गुपचूप स्टॅशमध्ये (तात्पुरत्या कप्प्यात) ठेवतात आणि नंतर परत काढतात. मध्येच पडली तर बदल गायब दिसतात. 'गिट स्टॅश लिस्ट' द्या, तिथे बसलेले असतात. कमिटच हरवला असेल तर 'गिट रेफलॉग'. तुमचा हेड (आत्ता ज्या कमिटवर आहात ती खूण) कुठून कुठे गेला याची ती रोजनिशी आहे; मूळ सेटिंगमध्ये तिच्या नोंदी ९० दिवस राहतात, आणि ज्यांच्यापर्यंत आता कुठलीच ब्रँच पोहोचत नाही अशांच्या ३० दिवस.

सगळ्यात वाईट प्रकार माझ्यावरच गुदरला. घरचा डेस्कटॉप, यूपीएसची बॅटरी मेलेली, आणि कमिट दाबायला आणि लाइट जायला एकच गाठ. लाइट आल्यावर ॲप उघडेना. गिट स्टेटस म्हणालं: ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे. (गिट आपला इतिहास अशाच फाइलींत ठेवतं.) गिटने फाइल लिहिली होती, पण ऑपरेटिंग सिस्टिमने ती डिस्कवर खरोखर उतरवण्याआधीच वीज गेली. नाव राहिलं, आत शून्य बाइट. (एप्रिल २०२२च्या गिट २.३६ पासून 'कोअर डॉट एफसिंक' या सेटिंगने डिस्कवर उतरवून घेण्याची सक्ती कशाकशाला करायची ते ठरवता येतं. थोडा वेग जातो. माझ्यासारखी मेलेली बॅटरी बाळगणाऱ्यांनी तो घालवावा.)

आधी कॉपी केली. मग 'गिट एफएससीके' (रेपोची तपासणी) चालवून कुठल्या फाइली रिकाम्या आहेत ते बघितलं, त्या बाहेर काढून ठेवल्या. सर्व्हरवर असलेले ऑब्जेक्ट फेच केल्यावर, म्हणजे तिथून ओढून आणल्यावर, परत येतात, पण माझा शेवटचा कमिट सर्व्हरवर नव्हताच. 'डॉट गिट'च्या आतल्या लॉग्जमध्ये हेडची फाइल साध्या एडिटरने उघडली. शेवटच्या ओळीत दोन चाळीस-चाळीस अक्षरांचे आकडे होते: कुठून आलो आणि कुठे गेलो. "कुठे गेलो" मेला होता. "कुठून आलो" जिवंत होता. 'अपडेट-रेफ'ने ब्रँच त्या जुन्या कमिटवर नेली, खराब इंडेक्स हटवून गिट रीसेट दिलं, अर्थात 'हार्ड' न लावता. प्रोजेक्टमधल्या फाइली जशाच्या तशा होत्या. त्यांचा पुन्हा एकदा कमिट केला. वीस मिनिटांचं काम. मी आधी फोल्डर पुसला असता तर दोन दिवसांचं.

अशाच खराबीचा दुसरा स्रोत म्हणजे क्लाऊडवर आपोआप सिंक होणारा फोल्डर. रेपो डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये, आणि ते दोन्ही सिंक होत असतील, तर गिट लिहीत असतानाच सिंक करणारा प्रोग्राम त्याच फाइली धरून बसतो. रेपो तिथून हलवा. गिटला सर्व्हर असतो, त्याला दुसरा क्लाऊड लागत नाही.

आणि ॲप दुरुस्त होईपर्यंत आलेखाशिवाय जमतच नसेल, तर विंडोजवरच्या गिटसोबत 'गिटके' आणि 'गिट गुई' ही दोन साधी ॲप्स आधीच आलेली असतात. दिसायला वीस वर्षांपूर्वीची, कारण आहेतच तेव्हाची. फोल्डरात टर्मिनल उघडून गिटके लिहिलं की इतिहास समोर.

सोमवारी त्या मुलीने ॲपच्या बनवणाऱ्यांना बग कळवायचं ठरवलं. ॲपची आवृत्ती, गिटची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, काय केल्यावर पडतं, सगळं नीट लिहिलं. एका ओळीची मोठी जेसन फाइल बनवायची छोटी कृतीही दिली, म्हणजे त्यांना स्वतःच्या मशीनवर ॲप पाडून बघता येईल. तिचं लिखाण मला आवडलं. सोबत लॉग जोडला होता.

"लॉग उघडून बघितलास?" विचारलं.

तिने उघडला. क्लायंटचं नाव फोल्डरच्या पत्त्यात होतं, ते खोडता आलं असतं. पण खाली रिमोटचा (सर्व्हरवरच्या रेपोचा) पत्ता होता, आणि कोणीतरी केव्हातरी सोयीसाठी त्या पत्त्यातच युजरनेमपुढे ॲक्सेस टोकन (पासवर्डसारखीच किल्ली) चिकटवून ठेवलं होतं. लॉगमध्ये ते सतरा वेळा आलं होतं.

तिने आधी ते टोकन रद्द केलं, नवं काढलं, रिमोटचा पत्ता साफ केला, लॉगमधल्या सतराही जागा खोडल्या, आणि मग रिपोर्ट पाठवला.